चिनी मुन्शी

बालाघाटच्या गल्लीत कोपरा वळायचा तर आपण भिंतीला धरून वळतो. मुन्शीजी रस्त्याच्या मधोमध जाऊन, भला मोठा अर्धा गोल घालून वळायचे. मागचा सायकलवाला घंटी वाजवून थकायचा, रिक्षावाला त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, पण त्यांचा गोल काही लहान होत नसे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भितीमागं कोन उभं आहे हे वळाच्या आधी दिसलं पाह्यजे का नाई?" भिंतीमागे बहुतेक वेळा एखादी शेळी असायची. तिलाही ते "सरका बाई" म्हणायचे. ते जिथे नोकरीला होते त्या लाकूड डेपोतले बैल, दारू पिऊन आलेले ट्रकवाले, रस्त्यातली पोरंटोरं, सगळ्यांना त्यांचं 'तुमी'.

मंगळवारी त्यांचा उजवा हात सुट्टीवर असे. दात घासणं, कुलूप उघडणं, लाकडांवर खडूने आकडे टाकणं, सगळं डाव्या हाताने. जेवणसुद्धा. एका तेरवीच्या पंगतीत ते डाव्या हाताने भात कालवायला लागले तेव्हा शेजारचे दोघे पानावरून उठले. मुन्शीजींनी वाढप्याला बोलावून आणखी वरण मागून घेतलं. "उजवा मोडला त काय उपाशी मरू?" एवढंच बोलले. त्यांची बायको बिचारी दुसऱ्या दिवशी त्या लोकांच्या घरी जाऊन माफी मागून आली.

भांडणाची वेळ आली की ते आधी चपला काढून बाजूला ठेवायचे. चपलेतून जमीन कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. गावाला ते काय ठाऊक! मुन्शीजींनी चपला काढल्या की आता कोणाचं तरी हाड मोडणार म्हणून बाजारात गर्दी जमायची, आणि हे अनवाणी उभे राहून वांग्यांचा भाव करायचे. एकदा त्या गर्दीत चपलाच चोरीला गेल्या. "ज्याले गरज होती त्यानं नेल्या," म्हणाले, आणि पुढे कित्येक दिवस तसेच हिंडले.

आता हे आठवून हसू येतं. मी त्यांची शिष्या होते. एकटीच म्हटलं तरी चालेल, कारण बाकीचे जे आले ते टिकले नाहीत. आणि मी टिकले त्याची किंमत मी दिली नाही, त्यांनी दिली.

ते एका ठेकेदाराच्या लाकूड डेपोत मुन्शी होते. घर शेतकऱ्यांचं, भंडाऱ्याकडून येऊन वारासिवनीच्या बाजूला वसलेलं. गावात मोठा भाऊ धानाची शेती बघायचा. मुन्शीजी तरुणपणी सागवानाच्या वॅगनींबरोबर कलकत्त्याला गेले होते. ज्या ठेकेदाराने नेलं त्याने त्यांना तिकडेच वाऱ्यावर सोडलं. पोटासाठी ते चिनी सुतारांच्या एका गल्लीत लाकडं उचलायला राहिले. तिथे एक म्हातारा सुतार होता. संध्याकाळी काम आटोपलं की तो अंगणात उदबत्ती लावायचा आणि ती जळून संपेपर्यंत गल्लीतल्या पोरांना पाय फाकवून, गुडघे वाकवून नुसतं उभं करायचा. मुन्शीजी आधी कुंपणावरून बघायचे, मग त्यांच्यात जाऊन उभे राहायला लागले. किती वर्षं राहिले ते कधी नीट सांगितलं नाही. म्हाताऱ्याचं नावही कधी घेतलं नाही. नुसतं 'म्हातारा' म्हणायचे आणि कानाची पाळी धरायचे.

या विद्येला ते कुंग फू म्हणायचे. त्या काळात बालाघाटात हा शब्द कोणी ऐकला नव्हता. "म्हंजे चिनी कुस्ती का?" असं कोणी विचारलं की त्यांना राग यायचा. "मारामारीचं नाव नाई ते. वेळ देऊन कमावलेलं कोनतंही काम म्हंजे कुंग फू," असं समजावून सांगायचे. बायकोच्या हातची जवसाची चटणी तोंडात टाकून, डोळे मिटून, "कुंग फू" असं पुटपुटायचे. मावशी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "आता चटनीलेही शिव्या द्याले लागले."

चीनशी लढाई झाली त्या साली गावाला त्यांची आठवण झाली. पोरांचा एक घोळका दारात आला आणि मुर्दाबाद म्हणा म्हणून ओरडायला लागला. मुन्शीजींनी चपला काढल्या. घोळका दोन हात मागे सरला. मग ते म्हणाले, "ज्यायनं लढाई लावली त्यायचं मुर्दाबाद म्हनतो. म्हाताऱ्याचं नाई म्हननार. तो तिकडं रंधा मारत असन." त्यांना ठाण्यावरही नेलं होतं. काय येतं ते करून दाखवा, असा हुकूम झाला. मुन्शीजी गुडघे वाकवून उभे राहिले आणि दुपारभर तसेच उभे राहिले. शेवटी ठाणेदारालाच कंटाळा आला. 'चिनी मुन्शी' हे नाव मात्र तेव्हा पडलं ते कायमचं.

मी त्यांच्याकडे गेले त्याला कारण माझी नोकरी. आम्ही बौद्ध. माझे वडील मँगनीजच्या खाणीत कामाला होते आणि छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. मी मॅट्रिक झाले, गावापासून काही कोसांवरच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले, तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटले होते. मी सायकलने जायची. वाटेत कालव्याचा काठ लागायचा, आणि त्या काठावर जुन्या मालगुजाराचा, म्हणजे तिथल्या जमीनदाराचा, पुतण्या आपल्या दोस्तांना घेऊन बसलेला असायचा. आधी नुसतं बोलणं. मग सायकलचा हँडल धरणं. "मास्तरीण झाली म्हून काय या काठानं जाशीन?" असं म्हणून एकदा त्याने माझी पुस्तकं पाण्यात टाकली, आणि एकदा मनगट धरलं ते सोडलंच नाही. त्याचे दोस्त हसत होते. मी ओरडले, रडले, तेव्हा कुठे सोडलं. घरी वडिलांनी मनगटावरचा वळ बघितला आणि खाली बघून म्हणाले, "नोकरी सोड, बाई. जीवापेक्षा जास्त आहे काय?" नोकरी सोडायची म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात लग्न आणि मग कोणाच्या तरी घरी शेण-गोठा, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मुन्शीजींचा डेपो माझ्या वाटेवरच होता. तिथे एका दारुड्या ड्रायव्हरने त्यांच्या अंगावर लोखंडी टॉमी, चाक खोलायची पहार, उगारलेली मी पाहिली होती. मुन्शीजी फक्त अर्धं पाऊल सरकले. ड्रायव्हर स्वतःच्याच जोराने भुशाच्या ढिगात तोंडावर पडला. मग मुन्शीजींनी त्याला तांब्याभर पाणी आणून दिलं आणि विचारलं, "लागलं त नाई ना तुमाले?"

मी सायकल लावून थेट म्हटलं, "मला हे शिकवा."

त्यांनी खडू खिशात ठेवला. "काहून?"

मी मनगट पुढे केलं. त्यांनी तो वळ नीट बघितला. मग म्हणाले, "सकाळी या. लुगड्यातच या."

"लुगड्यात?"

"मंग? रस्त्यावर तो तुमाले कपडे बदलू देनार आहे काय?"

त्यांच्या घरामागच्या अंगणात माझं शिक्षण सुरू झालं. शिक्षण कसलं, नुसतं उभं राहणं. उदबत्ती लावायचे आणि म्हणायचे, "घोड्यावर बसा." घोडा कुठे होता! पाय फाकवून, कासोटा घालून मी हवेत बसायची. मांड्या थरथरायच्या, घाम डोळ्यांत जायचा. शेजारणी कुंपणापाशी येऊन तोंडाला पदर लावून हसायच्या. मारायचं कधी शिकवणार, असं विचारलं की म्हणायचे, "आधी उभं त राहा. ज्याले उभं राहता येत नाई तो मारून काय करन?" मी मनातल्या मनात त्यांना हव्या तेवढ्या शिव्या घालायची. कित्येक आठवडे गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझं मनगट धरलं. कोणाचीही पकड अंगठ्यापाशी कच्ची असते, तिकडे वळायचं, ओढायचं नाही, आणि सोबत पाऊल टाकायचं, एवढंच ते. मग सायकल अंगणात आणायला लावली. हँडल धरून ते उभे राहायचे, मी सायकल सोडून बाजूला व्हायचं. सायकल वाचवायला गेलात की तुम्ही गेलात, असं म्हणायचे. माझी सायकल त्या अंगणात इतक्या वेळा आपटली की तिचा हँडल कायमचा वाकडा झाला.

त्यांची लेक, माझ्याहून थोडी लहान, ओसरीत बसून तांदूळ निवडत हे सगळं बघायची. हसायची नाही. नुसती बघायची.

त्याच ओसरीच्या कोनाड्यात एक कप असायचा, कान तुटलेला. तो माझा. मावशी मला त्यात वरून चहा ओतायची आणि मी तो धुऊन परत कोनाड्यात ठेवायची. मावशी वाईट नव्हती. चहात साखर सढळ घालायची. पण कप तोच. मुन्शीजींना कोपऱ्यामागची शेळी न बघता दिसायची, स्वतःच्या ओसरीतला तो कप मात्र कधी दिसला नाही. याचा मला राग यायचा, आणि अजूनही येतो.

कालव्यावर त्या पुतण्याने पुन्हा मनगट धरलं तो दिवस पावसाळा सरतानाचा होता. कालवा भरलेला होता. मी सायकल सोडली. अंगठ्याकडे वळले आणि पाऊल टाकलं. काय झालं ते मलाही नीट कळलं नाही, पण तो कमरेइतक्या पाण्यात होता आणि त्याचे दोस्त या वेळी त्याला हसत होते. मी तिथेच उभी राहिले. तो वर आला, माझ्याकडे बघितलं, आणि दुसरीकडून चालता झाला. पुढे त्याने बाई जादूटोणा करते असं गावभर सांगितलं. सांगू दे. मी त्याच रस्त्याने रिटायर होईपर्यंत गेले.

मी धावतच डेपोत सांगायला गेले. मुन्शीजींनी एकच विचारलं, "तो पडल्यावर तुमी काय केलं?"

"काही नाही. उभी होते."

"लात नाई मारली?"

"मनात होती."

"मनात राहू द्या." ते खूश झाले होते. खूश झाले की ते आपल्याच कानाची पाळी ओढायचे. "आता येत्या इतवारी चहा आना."

मला वाटलं, त्यांना चहा प्यायचा आहे. मग त्यांनी समजावलं. गवय्याकडे गंडा बांधतात तशी म्हाताऱ्याकडे चहाची रीत होती. शिष्याने स्वतःच्या हाताने केलेला चहा दोन्ही हातांनी द्यायचा, गुरूने साक्षीदारांसमोर तो प्यायचा. तोवर सगळं कच्चं. प्यायला की ते नातं बापलेकाचं, आणि ते कोणी मोडू शकत नाही.

"माझ्या हातचा?" मी विचारलं.

"मंग काय माह्या हातचा?"

मावशीच्या चुलीला मला हात लावता येणार नव्हता, हे मला कळत होतं आणि त्यांना नव्हतं. म्हणून मी घरी चहा केला, आमच्या ॲल्युमिनियमच्या किटलीत भरला, टॉवेलात गुंडाळला आणि वाकड्या हँडलला लटकवून नेला. साक्षीदार म्हणून वडील आले. पांढरा पायजमा, पांढरा सदरा घालून, जणू लग्नाला चालले होते.

अंगणात बघते तर बैलगाडी सुटलेली. मुन्शीजींचा मोठा भाऊ गावाहून आला होता. लेकीचं लग्न लांजीकडच्या एका घरात ठरलं होतं, त्यासाठी तांदळाची पोती घेऊन. मी दारातच थबकले. मुन्शीजींचा आनंद मात्र पोटात मावत नव्हता. "दादा, बसा! साक्षीले सख्खा भाऊ भेटला, अजून काय पाह्यजे!" दुसरा कोणीही माणूस असता तर त्याने चहा पुढच्या रविवारवर टाकला असता. यांना वाटलं, रक्ताचा साक्षीदार म्हणजे नातं अधिक पक्कं.

भावाला वाटलं, काहीतरी पूजा-बिजा आहे. शाळेतली बाई दिसते, म्हातारा बाप सोबत आहे. तो खाटेवर मांडी घालून बसला. मी घरून आणलेल्या कपात चहा ओतला. मुन्शीजी म्हणाले, "वाकू नका. बसून द्या." माझ्या वडिलांनी कोणापुढे वाकायचं सोडलं होतं, हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. मी बसून दोन्ही हातांनी कप पुढे केला. त्यांनी तो सगळा प्यायला.

"थंडा झाला, पोरी," ते म्हणाले. "पन तू गोड केला."

आयुष्यात पहिल्यांदा ते कोणाला तरी 'तू' म्हणत होते. मला रडू आलं.

भाऊही खुशीत होता. "अरे, मंगल काम आहे त मलेही दे न घोटभर," म्हणून त्याने हात पुढे केला. मी वडिलांकडे पाहिलं. मुन्शीजी म्हणाले, "दे न." मी दिला. भावाने बशीत ओतून फुर्र फुर्र करत संपवला, मिशा पुसल्या आणि माझ्या वडिलांना विचारलं, "आपलं घर कोनतं म्हना?"

वडिलांनी हात जोडले आणि ताठ मानेने म्हणाले, "जय भीम."

भावाने बशी खाली ठेवली. कोणाशीही न बोलता उठला, गाडी जुंपली आणि तांदळाची पोती न उतरवताच निघून गेला. मावशी स्वयंपाकघराच्या दारात कपाळाला हात लावून बसली. मुन्शीजींना तेव्हाही काय झालं ते कळायला वेळ लागला. "दादा काहून गेला?" असं त्यांनी मलाच विचारलं.

भावाच्या गावात समाज, म्हणजे जातपंचायत, बसला. धाकट्याने बाटवून घेतलं, असं मोठ्याने सांगितलं. आपणही बशी चाटून पुसून प्यायलो होतो, हे सांगितलं नाही. मुलाकडच्यांचा निरोप आला की असल्या बापाची पोरगी आम्हाला नको. मग मधल्या लोकांनी वाट काढली. मुन्शीजींनी चारचौघांत एवढंच म्हणायचं की मला जात माहीत नव्हती, फसवून पाजलं. प्रायश्चित्त घ्यायचं. लग्न ठरल्यासारखं होईल.

मी आणि वडील त्यांच्याकडे गेलो. वडील म्हणाले, "मुन्शीजी, म्हना न भाऊ. आमाले राग नाई येनार. पोरीच्या जलमाचा सवाल आहे."

मुन्शीजी खालच्या पायरीवर बसले होते. "माहीत होतं मले."

"पर म्हनाले काय जाते?"

"चहा पेलो तवा हे माही लेक झाली. आता हिनं मले फसवलं म्हनून सांगू?"

माझा तोल सुटला. मी म्हटलं, "मग सगळंच सांगा! तुमचे दादाही प्यायले म्हणून सांगा. बशीत ओतून प्यायले. आम्ही साक्षीदार आहोत. मग बघू कोण कोणाला वाळीत टाकतं ते!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, दमल्यासारखं.

"मंग लेकीचं कन्यादान कोन करन, पोरी?"

त्यांनी सगळा हिशेब आधीच करून ठेवला होता. दोन भावांतला एक तरी समाजात राहिला पाहिजे, म्हणजे लेक उजवली जाईल. ते स्वतः बाहेर राहणार, भाऊ आत राहणार, आणि भावाची बशी त्यांच्या पोटात राहणार. लोकांनी ते मान्य केलं. बापाने मांडवात पाय ठेवायचा नाही, या अटीवर लग्न झालं.

मावशी महिनाभर आधी लेकीला घेऊन गावाला गेली. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. लेक मात्र बैलगाडीत बसल्यावर मागे वळून बघत होती, बापाकडे आणि मग माझ्याकडे. तिच्या मनात काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

लग्नाच्या दिवशी मुन्शीजी म्हणाले, "चाल, सायकल काढ." आम्ही दोघं त्यांच्या गावाच्या शिवेपर्यंत गेलो. उन्हाळा होता. धान केव्हाच कापून झालेलं, बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, नुसतं खुंटांचं धसाडं. दूर आंब्याच्या झाडांपलीकडे मांडवाचं टोक दिसत होतं आणि भोंग्यातून सनईची तबकडी ऐकू येत होती. मुन्शीजी एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहिले. मग मंगलाष्टकं सुरू झाली. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. हळदीच्या अक्षता होत्या. मावशीने गावाला जाण्याआधी बांधून त्यांच्या उशाखाली ठेवल्या होत्या, न बोलता. भोंग्यातून 'सावधान' आलं की ते मुठीतले थोडे तांदूळ मांडवाच्या दिशेने टाकायचे. ते पुढच्या बांधीतसुद्धा पोचत नव्हते. शेवटच्या 'सावधान'ला त्यांनी पुडी उलटी करून झटकली आणि कागदाची नीट घडी घातली.

"भोंगा चांगला लावला दादानं," म्हणाले.

मी तिथे धुऱ्यावर बसून हमसून हमसून रडले. ते रडले नाहीत. माझं आटोपेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "ऊन वाढून राह्यलं. चाल."

त्यानंतरची त्यांची वर्षं मी जवळून पाहिली. मावशी परत आली, पण कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यांच्याकडे कोणी जेवायला येईना, त्यांना कोणी बोलावीना. डेपोत काम चालू होतं. मंगळवारचा डावा हात चालू होता. पुढे केव्हातरी गावात मारामारीच्या चिनी सिनेमांचं वेड आलं आणि केस वाढवलेली पोरं त्यांच्या अंगणात येऊन "उस्ताद, हमको भी सिखाओ" म्हणायला लागली. मुन्शीजी उदबत्ती लावायचे. अर्धी जळायच्या आत पोरं पळून जायची. "यायले उडाचं आहे, उभं नाई राह्याचं," असं म्हणून ते उरलेली उदबत्ती विझवून जपून ठेवायचे.

लेक कधी आली नाही. तिकडचे पाठवत नव्हते. पहिली पोरगी झाल्याचं त्यांना बाजारात कोणीतरी सांगितलं. मुन्शीजी लांजीच्या बसमधून उतरणाऱ्या माणसांना थांबवून विचारायचे, "आमची पोरगी दिसली काय कुठं? कशी आहे?" "मजेत आहे," असंच सगळे सांगायचे. तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा. "पोरगी मजेत आहे त मले काय कमी?" असं मला कितीदा तरी म्हणाले. मीही हौ म्हणायची. मला खरंच तसं वाटत होतं.

छातीच्या दुखण्याने मुन्शीजींनी अंथरूण धरलं तेव्हा मावशीने मलाच बोलावून घेतलं. दारात उभी राहिले तर चिडून म्हणाली, "उभी काय राह्यली? आत ये, भात टाक." त्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा शिरले. महिना-दीड महिना असाच गेला. शेवटच्या दिवसांत मुन्शीजींना शब्द सापडत नव्हते. एका सकाळी ते गेले. खांदा द्यायला डेपोतले हमाल आले आणि आमच्या वस्तीतली माणसं आली. मोठा भाऊ आला होता. तो लांब चिंचेखाली उभा राहून लहान पोरासारखा रडत होता, पण पुढे आला नाही. मला त्याची कीव आली नाही.

लेक आली ती दहावं उलटून गेल्यावर. एकटीच, दुपारच्या गाडीने. मी अंगणात होते. मी तिला ओळखलंच नाही. माझ्याहून लहान असलेली बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी दिसत होती. आईच्या गळ्यात पडून ती रडली नाही. बापाची खाट, भिंतीवरचा सदरा, सगळं नुसतं बघत फिरली. मावशी पाणी आणायला आत गेली तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली. मी म्हटलं, "तू मजेत आहेस, या एका गोष्टीवर जगले गं ते."

तिने पदर सारला आणि बाही वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत जुने-नवे डाग होते. एक हाड वाकडं जुळलेलं होतं.

"बाटग्याची पोर म्हून नवरा मारते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पह्यलेपासून मारते. पळून येवाव त कुठं? माहेर हाये कुठं मले? बाबूजींनी एक खेप म्हनलं असतं का माहीत नव्हतं, त मले घर राह्यलं असतं."

भावाच्या बशीची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. ती सांगून तिचा काका तेवढा हातचा गेला असता. तिच्यासाठी ज्यांनी सगळं सोसलं, त्यांना ती दोष देत होती, आणि ती खोटं बोलत नव्हती.

"मी ओसरीत बसून पाह्यत राहो तुमाले," ती म्हणाली. "मले वाटे, बाबूजी मलेही म्हनतीन, ये, उभी राह्य. त्यायनं कधी म्हनलंच नाई."

"मी शिकवते तुला," मी म्हटलं. "आत्ता. मला सगळं येतं. चार दिवस राहा इथे."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं.

"चार दिवसात येते काय, ताई?"

मी तिच्या वाकड्या हाताकडे बघत राहिले.

तिने बाही खाली केली. "माह्या पोरी तिथंच आहेत न," असं म्हणाली, आईने आणलेलं पाणी उभ्यानेच प्यायली, आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली.